ऐंशी टक्क्यांनंतरची रांग

पेट्रोल पंपावर भांडायला कुणाला वेळच मिळत नाही. गाडी लागते, पंपावरचा मुलगा ‘झिरो बघून घ्या’ म्हणतो, चार-पाच मिनिटांत पैसे देऊन आपण बाहेर पडतो. मागच्याने कितीही हॉर्न वाजवला तरी त्याचा राग चढायच्या आत त्याचा नंबर आलेला असतो. म्हणून पंपावर एकमेकांशी कसं वागावं याच्या पाट्या कधी लावाव्या लागल्या नाहीत; ‘धूम्रपान निषिद्ध’ आणि ‘मोबाईल वापरू नये’ एवढ्यावर भागलं.

विजेच्या मोटारीने हे सगळं बदललं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खालापूरला, किंवा पुण्याहून कोल्हापूरकडे जाताना साताऱ्याच्या अलीकडे-पलीकडे एखाद्या हॉटेलच्या आवारात जोडून सुट्ट्या आलेल्या शनिवारी सकाळी उभं राहून बघावं. दोन गनांचा, म्हणजे गाडीत खुपसायच्या दोन प्लगांचा, एक जलद डीसी चार्जर, दोन्ही गन लागलेल्या. तिसरी गाडी तिरकी उभी. चौथीचा चालक उतरून पहिल्या गाडीच्या काचेतून आत डोकावतोय, कारण त्याला डॅशबोर्डवरचा आकडा वाचायचा आहे. इथे ओळख ‘कुठले तुम्ही?’ या प्रश्नाने होत नाही. ‘किती टक्के झालं?’ असं विचारतात. समोरच्याने ‘बासष्ट’ म्हटलं की चेहरा उजळतो. ‘ब्याण्णव, पण शंभर करूनच निघणार’ असं उत्तर आलं की सौजन्य तिथेच संपतं.

हा ब्याण्णववाला माणूस वाईट नसतो. तो पैसे देतोय, रांगेत आधी आलाय, आणि पुढे कोल्हापूरपर्यंत चालू अवस्थेतला चार्जर मिळेल याची खात्री त्याला कुणी दिलेली नाही. तरी तो इतर चौघांचा वेळ खातोय हेही खरं. चार्जिंग स्टेशनवरच्या बहुतेक कटकटींचं मूळ, माझ्या मते, इथे आहे. आपण तिथे वीज विकत घेतो आणि पैसेही विजेचेच देतो, युनिटप्रमाणे. टंचाई मात्र विजेची नसतेच. टंचाई असते ती गनची, म्हणजे गनजवळच्या मिनिटांची, आणि त्या मिनिटांची किंमत बिलात कुठेच लागत नाही. जे काम दराने करायला हवं ते मग माणसांच्या चांगुलपणावर येऊन पडतं. चांगुलपणा घाटाच्या पायथ्याशी, उपाशीपोटी, मागच्या सीटवर दोन मुलं रडत असताना किती टिकणार?

थोडा हिशेब करू. साठ किलोवॉटची गन पूर्ण जोराने चालली तर तासाला साठ युनिट देते. सार्वजनिक डीसी चार्जरचे दर आपल्याकडे साधारण युनिटला १५ ते २५ रुपये, वीस धरू. म्हणजे ती गन तासाला १,२०० रुपये कमावते. गाडी नव्वद टक्क्यांच्या पुढे गेली की पुष्कळ गाड्या जेमतेम दहा किलोवॉटच्या आसपास वीज ओढतात. तीच गन, तीच जागा, आता तासाला दोनशे रुपये. आणि शंभर टक्के होऊन मालक वर जेवत बसला असेल तर शून्य. तिन्ही वेळी मागे उभ्या असलेल्या माणसाचा तास मात्र साठ मिनिटांचाच आहे. शेवटच्या टप्प्यातल्या ग्राहकामुळे स्टेशनवाल्याचंही नुकसान होतं आणि रांगेतल्यांचंही. तरीही त्याचा प्रतियुनिट दर सगळ्यांइतकाच असतो.

वेग का मंदावतो हे ठाऊक नसल्याने बरेच जण चार्जरलाच शिव्या देतात. दोष चार्जरचा नसतो. लिथियम-आयन बॅटरी भरताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात. पहाटेच्या रिकाम्या लोकलमध्ये पहिले प्रवासी चढल्याबरोबर बसतात आणि शेवटच्यांना डबाभर जागा शोधत फिरावं लागतं, तसं काहीसं आत चाललेलं असतं. जागा कमी राहिली असताना जबरदस्तीने विद्युतप्रवाह रेटला तर लिथियम धातूच्या रूपात पृष्ठभागावरच साचायला लागतं. त्याने बॅटरीचं आयुष्य घटतं, आणि ते फारच झालं तर धोकाही असतो. म्हणून गाडीचा संगणक स्वतःच प्रवाह कमी करतो. दहापासून ऐंशी टक्क्यांपर्यंत जायला चाळीस-पन्नास मिनिटं लागली, तर ऐंशीपासून शंभरला अनेक गाड्यांत जवळजवळ तितकाच वेळ जातो. ऐंशीला निघावं हा जगभरच्या ईव्हीवाल्यांचा संकेत या रसायनशास्त्रातून आला आहे.

त्याला अपवाद आहेत. आपल्याकडच्या टाटाच्या नेक्सॉनसारख्या अनेक गाड्यांत लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी असते. तिचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळपास सपाट राहतो. त्यामुळे नेमकी किती भरली आहे याचा गाडीला अंदाज राहावा म्हणून ती अधूनमधून पूर्ण शंभर टक्के भरायला सांगतात. पण ते काम घरी, रात्री, संथ एसी चार्जरवर करायचं असतं. महामार्गावरच्या जलद गनवर गर्दीच्या वेळी ‘कंपनीनेच सांगितलंय शंभर करायला’ हे कारण ऐकलं की समोरच्याला मॅन्युअलमधलं पुढचं वाक्यही वाचायला लावावंसं वाटतं. खरा अपवाद त्याचा, ज्याला पुढचा भरवशाचा चार्जर दीडशे किलोमीटरवर आहे आणि मध्ये घाट आहे. त्याने रांगेतल्यांना तसं सांगावं. सांगितलं की बहुतेक वेळा लोक समजून घेतात. न सांगता गाडीची काच वर करून आत बसून राहणारा माणूस सगळ्यांना खटकतो.

*

दराचा गुंता समजायला थोडं मागे जावं लागेल. वीज विकायला परवाना लागतो. २००३ च्या वीज कायद्याने तसं बांधून ठेवलंय. मग हॉटेलवाल्याने गाड्यांना वीज ‘विकायची’ कशी? केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये याचं उत्तर दिलं: चार्जिंग ही विजेची विक्री नसून सेवा आहे, सबब परवाना नको. या एका खुलाशाने बाजार खुला झाला. मॉल, पंप, ढाबा, ज्याच्याकडे जागा आणि वीजजोडणी आहे अशा कुणालाही चार्जर लावता येऊ लागला. पण सेवा म्हटली की सेवेचा कर आला. विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के, घरच्या विजेवर जीएसटी नाही, आणि सार्वजनिक चार्जिंगवर १८ टक्के. कर्नाटकातल्या एका वीज वितरण कंपनीने याविषयी विचारणा केली, तेव्हा २०२३ मध्ये तिथल्या अग्रिम निर्णय प्राधिकरणानेही ही सेवाच असल्याचं सांगून १८ टक्क्यांवर शिक्का मारला. परिणाम असा की स्वतःच्या पार्किंगमध्ये प्लग असलेला बंगलेवाला हा कर भरत नाही. चाळीत राहणारा टॅक्सीवाला, ज्याला सार्वजनिक चार्जरशिवाय इलाज नाही, तो मात्र प्रत्येक युनिटवर कर भरतो. ब्रिटनमध्येही हेच रडगाणं आहे. तिथे घरी ५ टक्के कर आणि रस्त्यावर २०.

वीस रुपये दराने कर धरून युनिटला २३ रुपये ६० पैसे पडतात. पंचेचाळीस युनिटांची बॅटरी वीसपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत भरायला सत्तावीस युनिट लागतात, म्हणजे सुमारे ६३७ रुपये. घरी याच सत्तावीस युनिटांना अडीच-तीनशे. महामार्गावर चार्ज करूनही पेट्रोलपेक्षा प्रवास स्वस्तच पडतो, पण शोरूममध्ये सांगितलेला ‘किलोमीटरला रुपया’ घराच्या उंबऱ्याबाहेर चालत नाही. हे गाडी घेताना कुणी सांगत नाही, आणि मग पहिल्याच सहलीत माणूस चार्जरसमोर उभा राहून ‘लूट आहे’ म्हणतो.

लूट म्हणण्याआधी स्टेशनवाल्याचं ऐकायला हवं. चार्जर महाग, त्याला लागणारा विजेचा जोडभार मोठा, कधी स्वतंत्र रोहित्र बसवावं लागतं, जागेचं भाडं वेगळं, आणि मंगळवारी दुपारी तिथे चिटपाखरू नसतं. वर्षातल्या मोजक्या सुट्ट्यांत झुंबड आणि एरवी शुकशुकाट, असा हा धंदा आहे. हे ओळखूनच केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत चार्जिंग स्टेशनला स्थिर आकार न लावता नुसता युनिटचा एकेरी दर लावायची तरतूद आहे. सप्टेंबर २०२४ च्या तत्त्वांत आणखी एक शहाणी गोष्ट आली. सकाळी ९ ते दुपारी ४ या सौरवेळेत वितरण कंपनीने स्टेशनला सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट दराने वीज द्यावी, आणि इतर वेळी १.३ पट. दुपारी सूर्याची वीज भरपूर असते, तेव्हा गाड्या भरा, असा त्याचा अर्थ.

पण ही स्वस्ताई गनपर्यंत पोचते का? काही कंपन्या वेळेनुसार दर ठेवतात. पुष्कळ ठिकाणी दिवसरात्र एकच दर दिसतो. दर ‘दिसतो’ म्हणणंही धाडसाचं आहे. पेट्रोलचे भाव २०१७ पासून रोज बदलता येतात, तरी पंपाबाहेर उंच फलकावर ते लांबूनच वाचता येतात. चार्जिंगचा दर मोबाईलमधल्या अ‍ॅपच्या तिसऱ्या पानावर, कधी करासहित, कधी करावेगळा. मॉलमध्ये पार्किंगचे पैसे आणखी निराळे, आणि ते गाडी बाहेर काढताना कळतात. ब्रिटनने २०२३ च्या नियमांनी सार्वजनिक चार्जरचा दर युनिटमागे किती पेन्स हे ठळकपणे सांगणं बंधनकारक केलं. नव्या चार्जरवर साधं बँक कार्ड टेकवून पैसे देता यावेत आणि जलद चार्जर वर्षात ९९ टक्के वेळ चालू असावेत, अशाही अटी घातल्या. ‘९९ टक्के’ हा आकडा वाचून आपल्याकडच्या ईव्हीवाल्याच्या तोंडाला पाणी सुटेल.

आपल्याकडे आधी प्रश्न पडतो तो अ‍ॅपचा. टाटा पॉवरचं एक, जिओ-बीपीचं दुसरं, चार्जझोन, स्टॅटिक, झिऑन, महावितरणचं ‘पॉवरअप’, अशी यादी वाढतच जाते. अनेक अ‍ॅपांत वॉलेट असतं, त्यात आधी ठरावीक रक्कम भरायची, आणि प्रवास संपला की कुठे ८३ रुपये, कुठे १४२ रुपये अडकून राहतात. त्या रस्त्याने पुन्हा कधी जाल तेव्हा वापरा! माळशेजच्या पायथ्याशी, नेटवर्कची एक काडी येते-जाते अशा ठिकाणी नवं अ‍ॅप उतरवून, ओटीपीची वाट पाहत, मागच्या गाडीवाल्याच्या नजरा झेलणं हा अनुभव मी शत्रूलाही देऊ इच्छित नाही. सगळ्या कंपन्यांचे चार्जर एकाच अ‍ॅपमध्ये आणायचं काम पीएम ई-ड्राइव्ह योजनेखाली ‘भेल’ या सरकारी कंपनीकडे देण्याचा विचार केंद्राने २०२५ मध्ये बोलून दाखवला. होईल तेव्हा होईल. खरं तर चार्जरवर यूपीआयचा क्यूआर चिकटवला आणि रक्कम त्यावर भरता आली, की निम्मं भांडण मिटेल. भाजीवाल्याला जे साधलं ते साठ किलोवॉटच्या यंत्राला का साधू नये, हे मला अजून उमगलेलं नाही.

*

मिनिटांची किंमत लावायचा प्रयोग पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर केला तो टेस्लाने. डिसेंबर २०१६ मध्ये कंपनीने जाहीर केलं की चार्जिंग संपल्यावरही गाडी कंपनीच्या ‘सुपरचार्जर’ या जलद चार्जरवरून हलवली नाही तर मिनिटाला ४० सेंट पडतील; पाच मिनिटांत हलवली तर माफ. पुढे यात सुधारणा झाल्या. स्टेशन निम्म्याहून जास्त रिकामं असेल तर दंड नको, पूर्ण भरलेलं असेल तर दुप्पट. २०२३ मध्ये गर्दीच्या काही स्टेशनांवर त्यापुढे एक पाऊल टाकलं गेलं: चार्जिंग चालू असलं तरी ठरावीक टक्क्यांच्या पुढे मिनिटाचा आकार सुरू. अमेरिकेतल्या इलेक्ट्रिफाय अमेरिका या कंपनीने तर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या निवडक गर्दीच्या ठिकाणी ८५ टक्क्यांना वीजच बंद करून पाहिली. जर्मनीत एन्‌बीडब्ल्यू ही कंपनी चार तासांच्या वर गाडी जोडून ठेवणाऱ्याकडून मिनिटाला दहा सेंट घेते. तपशील निराळे, रोख एकच: गर्दी असेल तेव्हाच मिनिटांना किंमत लावायची.

हीच टेस्ला जुलै २०२५ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात दुकान थाटून बसली, आणि ऑगस्टमध्ये तिथे देशातलं तिचं पहिलं चार्जिंग स्टेशन सुरू झालं. चार जलद चार्जर, युनिटला २४ रुपये. चार संथ, युनिटला १४. त्या २४ रुपयांची बातमी सगळीकडे झाली. मला त्यापेक्षा महत्त्वाचा वाटला तो संथ-जलद असा उघडपणे वेगळा ठेवलेला भाव. सिनेमा बघायला तीन तास आलेल्या माणसाला १४ रुपयांत संथ चार्जर मिळत असेल तर तो आपणहून जलद गन सोडेल. उलट दोन्हीचा भाव सारखा असेल तर ‘लाव की फास्टला’ असंच होणार.

फुकट चार्जिंगचा किस्सा तर सगळ्यांत बोलका आहे. सुरुवातीच्या वर्षांत मॉल आणि ऑफिसांनी कौतुकाने फुकट चार्जर लावले. त्या चार्जरांवर रोज त्याच चार गाड्या सकाळी नऊला लागायच्या आणि संध्याकाळी सहाला निघायच्या. घरी प्लग असलेले लोकही पंधरा-वीस युनिटांसाठी दिवसभर जागा अडवून बसायचे. फुकट हा सगळ्यांत वाईट दर आहे, असं माझं स्पष्ट मत झालंय.

शहरात या अडवणुकीचा फटका बसतो टॅक्सीवाल्यांना. मुंबई-पुण्यात ईव्ही टॅक्सी चालवणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांच्या घरी गाडी लावायलाच जागा नसते, तिथे प्लग कुठून येणार? सार्वजनिक चार्जर हाच त्यांचा पंप. चार्जरजवळचा एक तास गेला की त्या तासाची भाडी गेली. म्हणून टॅक्सीवाले बहुधा ऐंशीच्याही आधी निघतात, गाडीतच बसून राहतात, नंबर आला की दुसऱ्याला हाक मारतात. चार्जिंगचा शिष्टाचार शिकायचा असेल तर त्यांच्याकडून शिकावा. खासगी मोटारवाले त्यांच्याविषयी नाकं मुरडतात, ‘यांनी सगळे चार्जर अडवून ठेवलेत’ म्हणतात. घरी रात्रभर स्वस्तात गाडी भरता येत असताना शहरातल्या जलद गनवर हौस म्हणून येणारा मोटारवाला हे म्हणतो तेव्हा हसू येतं.

बाकीचे संकेत छोटे आहेत, पण ते पाळले नाहीत तर मोठं नुकसान होतं. एकाच खांबाच्या दोन गन अनेकदा वीज वाटून घेतात. साठचा चार्जर दोन गाड्या लागल्या की तीस-तीस होतो. शेजारी दुसरा खांब रिकामा असताना कुणाच्या बाजूला गाडी लावणं म्हणजे त्याचा वेळ दुप्पट करणं. चार्जिंग थांबवायला लाल इमर्जन्सी बटण दाबायचं नसतं. ते दाबलं की पुष्कळ चार्जर बंद पडतात आणि कंपनीचा माणूस येईपर्यंत किंवा लांबून सुरू करेपर्यंत कुणाच्याच कामाचे राहत नाहीत. गन जमिनीवर टाकायची नाही. पावसाळ्यात तिच्यात चिखल गेला की पुढच्याची गाडी तिला ओळखत नाही. गाडी सोडून जेवायला जायचंच असेल तर डॅशबोर्डवर फोन नंबर ठेवावा आणि तो फोन उचलावा. चार्जिंग चालू असताना गन गाडीला कुलूपबंद असते, दुसऱ्याला ती ओढून काढता येत नाही, आणि ओढायचा प्रयत्नही करू नये.

या सगळ्यात एका माणसाचा उल्लेख कुठल्याच धोरणात नाही: वॉचमन. मॉलमध्ये, हॉटेलात, पंपावर, कुठलं यंत्र अडतं, कुठली एमसीबी पडली की ती कुठल्या खोलीत आहे, कोण आधी आलं, हे त्याला ठाऊक असतं. जिथे तो वहीत गाडीचे नंबर लिहून घेतो तिथे भांडणं होत नाहीत. जिथे चार्जरच्या जागेत पेट्रोलची गाडी उभी असते तिथे तोच शिट्टी वाजवतो, आणि त्या गाडीतून उतरलेला इसम ‘दोनच मिनिटं’ म्हणून तासभर गायब होतो. हॉटेलमालकाने वॉचमनला चहा आणि पगाराव्यतिरिक्त या कामाचे चार पैसे दिले तर ते कुठल्याही अ‍ॅपपेक्षा स्वस्त पडतील. एकट्या बाईला रात्री साडेदहाला पंपाच्या मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात चाळीस मिनिटं थांबायचं असतं, तेव्हाही तिथे दिवा आणि हा माणूस असावा लागतो. बरेच चार्जर अशाच कोपऱ्यात असतात, कारण पुढची जागा पेट्रोलसाठी राखीव.

*

गर्दी वाढणार आहे. महाराष्ट्राच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर विजेच्या मोटारींना टोलमाफी जाहीर झाली. ऑगस्टमध्ये अटल सेतूवर ती सुरूही झाली. महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय, हेही त्याच धोरणात आहे. टोल माफ करायला एक अधिसूचना लागते. चार्जर चालू करायला जागा, रोहित्र, केबल, वितरण कंपनीची मंजुरी आणि देखभालीचा माणूस लागतो. त्यामुळे या दोन गोष्टी एकाच वेगाने येणार नाहीत हे उघड आहे. केंद्राने मार्च २०२३ मध्ये तीन सरकारी तेल कंपन्यांना ७,४३२ जलद चार्जिंग स्टेशनांसाठी ८०० कोटी रुपये मंजूर केले होते. आकडे असे मोठे असतात. केंद्राच्याच आकडेवारीत फेब्रुवारी २०२४ मध्ये देशात १२,१४६ सार्वजनिक स्टेशनं होती आणि ३,०७९ सह महाराष्ट्र पहिला होता; त्याच वर्षाच्या अखेरीस देशाचा आकडा २५,२०२ झाला, महाराष्ट्राचा ३,७२८, आणि कर्नाटक ५,७६५ वर जाऊन पहिला आला. या आकड्यांतून आज दुपारी किती चालू आहेत ते मात्र समजत नाही. आणि रांगेत उभ्या असलेल्या माणसाला तेवढंच हवं असतं.

कोकणात हे सगळं आणखी निराळ्या रूपात येतं. गणपतीला मुंबईहून चाकरमानी विजेची गाडी घेऊन निघतो, महामार्गावर चार्जरसाठी थांबत, घाट उतरताना परत आलेल्या दोन-चार टक्क्यांनी खूश होत रात्री गावी पोचतो. अंगणात गाडी लावतो आणि पडवीतल्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटात चार्जर खुपसतो. काकांना काय वाटेल याचा विचार त्याच्या मनात आलेला नसतो, कारण मोबाईल लावताना कुठे येतो?

तो चार्जर रात्रभरात पंचवीस युनिट घेतो. गावच्या त्या घराचा महिन्याचा वापर असतो नव्वद युनिट. घरगुती दराचे टप्पे शंभर युनिटांवर बदलतात आणि पुढच्या टप्प्याचा दर दुपटीच्या आसपास जातो. पाच दिवसांत गाडी दोनदा लावली तर पन्नास युनिट, त्यातली चाळीस वरच्या दराची; बिलात चार-पाचशे रुपयांची भर. ‘काका, वीज ती कितीशी लागणार’ म्हणणाऱ्याला हे ठाऊक नसतं, आणि काका पुतण्याकडे चार्जिंगचे पैसे मागतील हे या जन्मी शक्य नाही. शहाणी माणसं पाचशेची नोट आरतीच्या तबकात ठेवतात. ती घ्यायला कुणी संकोचत नाही.

पैशांपेक्षा गंभीर गोष्ट अर्थिंगची. जुन्या घरांत तिसऱ्या भोकाला तार जोडलेलीच नसते. चार्जर ते तपासतो आणि लाल दिवा लावून नकार देतो. यावर न्यूट्रल आणि अर्थिंग आतल्या आत जोडलेला प्लग बनवून चार्जरला फसवायचा जुगाड फिरतो. हे करू नका. गाडीच्या पत्र्यात वीज उतरली तर तिला हात लावणारं पहिलं माणूस बहुधा अंगणात खेळणारं पोरच असेल. गावातला वायरमन अर्ध्या दिवसात नीट अर्थिंग घालून देतो. पुतण्याने काकांना द्यायची भेट हवी असेल तर ही द्यावी.

होमस्टेवाले मात्र या बाबतीत पुढे गेलेत. आधी ते चार्जिंग फुकट द्यायचे, मग रात्रीला सरसकट तीनशे-चारशे लावायला लागले. तेव्हा दहा टक्के भरणारा कुरकुरायचा आणि नव्वद टक्के भरणारा खूश व्हायचा. आता काहींनी सॉकेटच्या वर एक छोटा सबमीटर बसवलाय. संध्याकाळचा आकडा पाहुण्यासमोर पाटीवर खडूने लिहायचा, सकाळचा त्याच्याखाली, मधलं वजा करून युनिटचा दर लावायचा. दर पाटीच्या वरच्या कोपऱ्यात लिहिलेला असतो, आणि पैसे यूपीआयने.